बारा अक्षरांची किल्ली

वसईचा किल्ला १७३९च्या मे महिन्यात पडला तेव्हा दरवाजाची किल्ली कोणी शोधत बसले नव्हते. चिमाजी अप्पांच्या फौजेने तटाखाली सुरुंग खणले, सेंट सेबॅस्टियन बुरुजाला भगदाड पाडले आणि पोर्तुगीजांना तह करावा लागला. किल्ल्यावरचे निशाण बदलले. आज याच वसई-विरार पट्ट्यातून रोज सकाळी लोकलला लटकून जाणारी संगणकशास्त्राची मुले ज्या खेळासाठी शनिवार-रविवारच्या रात्री जागवतात, त्याचे नावही 'कॅप्चर द फ्लॅग', म्हणजे निशाण हस्तगत करणे, असेच आहे. त्यातल्या एका जुन्या आणि लोकप्रिय प्रकारात किल्ली न शोधता कुलूप उघडावे लागते. हा लेख त्या प्रकाराविषयी आहे. तो समजून घेताना आपल्याच वाङ्मयेतिहासातले एक मोठे कुलूप आठवल्याशिवाय राहत नाही, म्हणून तिकडेही थोडे वळावे लागेल.

आधी खेळाची ओळख. अमेरिकेत लास व्हेगासला भरणाऱ्या 'डेफकॉन' संमेलनात १९९६पासून ही स्पर्धा होते. आपल्याकडे अमृता विश्व विद्यापीठाने २०१०च्या सुमारास 'इनसीटीएफ' सुरू केली आणि तिथून ही लाट देशभरच्या महाविद्यालयांत पोचली. स्पर्धकांना ठरावीक वेळात काही कोडी सोडवायची असतात. प्रत्येक कोड्याच्या पोटात एक ओळ लपवलेली असते. ती सापडली की भरायची आणि गुण घ्यायचे. ही ओळ म्हणजे निशाण. ते खरेच हाती लागले आहे हे चटकन कळावे म्हणून त्याची सुरुवात ठरवून दिलेली असते: स्पर्धेचे नाव, मग महिरपी कंस. हा बारकावा लक्षात ठेवावा. कोडे रचणाऱ्यालाही तो कधी कधी महागात पडतो.

कोड्यांचे प्रकार पुष्कळ. त्यांतला एक हमखास दिसणारा प्रकार म्हणजे कुलूपबंद गाठोडे. स्पर्धकाला एक 'झिप' फाइल मिळते. उघडायला गेले की पासवर्ड मागते. पासवर्ड कोणी देत नाही.

झिप म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधून, दाबून लहान केलेले गाठोडे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या फिल कॅट्झ या प्रोग्रामरने १९८९मध्ये 'पीकेझिप' हा प्रोग्राम आणला आणि गाठोडे बांधायची ही रीत जगभर रूढ झाली. कॅट्झ २००० साली, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी गेला. पण आजही कोणतीही झिप फाइल तिच्या कच्च्या रूपात उघडून पाहिली तर सुरुवातीलाच 'पी' आणि 'के' ही त्याची आद्याक्षरे दिसतात. जगातल्या किती यंत्रांवर त्या माणसाची सही पडून आहे याची मोजदाद कोणी करू नये.

या गाठोड्याला कुलूप लावायची जी पहिली पद्धत आली, ती रॉजर श्लाफ्ली या गणितज्ञाने बेतली होती. तिला आज 'झिपक्रिप्टो' म्हणतात. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली सरळ वाट म्हणजे पासवर्ड ओळखत बसणे. तिचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. इंग्रजीतली लहान लिपीतली आठ अक्षरे घेतली तर सुमारे २०,८८२ कोटी पासवर्ड संभवतात. एखादे यंत्र सेकंदाला एक कोटी पासवर्ड तपासते असे धरू. मग सगळे संपवायला सहा तासही लागणार नाहीत. मोठी अक्षरे आणि अंक मिसळले की हाच काळ सुमारे २५२ दिवसांवर जातो. आठाऐवजी बारा अक्षरांचा पासवर्ड घेतला तर जवळजवळ एक कोटी वर्षे.

माणसे मात्र असे पासवर्ड ठेवत नाहीत. २००९मध्ये 'रॉकयू' नावाच्या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख खातेदारांचे पासवर्ड बाहेर फुटले. त्यांतले वेगवेगळे असे जवळपास १ कोटी ४० लाखच निघाले. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांनी दुसऱ्या कोणीतरी ठेवलेलाच पासवर्ड ठेवला होता. ती यादी आज प्रत्येक स्पर्धकाच्या लॅपटॉपवर असते आणि सोपे कोडे तिनेच सुटते. आपण वरच्या हिशेबातले यंत्र लावले तर ती दीड सेकंदात संपते.

चांगले कोडे रचणारा ही वाट बंद करून ठेवतो. पासवर्ड वीस अक्षरांचा आणि निरर्थक असतो. मग दुसरी वाट शोधावी लागते.

उदाहरणासाठी असे एक कोडे आपणच रचू. एका गाठोड्यात दोन फाइली आहेत: एक चित्र, वसई किल्ल्याच्या नकाशाचे, आणि एक मजकुराची फाइल, नाव 'निशाण'. दोन्हींना एकच लांबलचक पासवर्ड. आता अनुभवी स्पर्धक काय करतो पाहा. तो कुलपाला हात लावण्याआधी गाठोड्याभोवती फिरतो. कारण झिपच्या या कुलपात फाइलींचा मजकूर झाकला जातो. त्यांची नावे, आकार, तारखा उघड्याच राहतात. बाहेरून लेबल वाचता येते. कधी कधी तर कुलूप नुसते रंगवलेले असते: फाइल कुलूपबंद आहे असे सांगणारी एक बारीकशी खूण तेवढी बदललेली, आतला मजकूर साधाच. ती खूण पूर्ववत केली की कोडे संपले.

आणखी एक गोष्ट उघडी राहते. प्रत्येक फाइलीच्या मूळ मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा एक आकडा गाठोड्यावर लिहिलेला असतो. उघडल्यावर मजकूर बरोबर आला का हे तपासण्यासाठी तो असतो. पण समजा फाइलीत फक्त चार अंकी पिन आहे. चार अंकी पिन एकूण दहा हजार. त्या प्रत्येकाचा पडताळा काढून गाठोड्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला की पिन हातात येतो आणि कुलूप जागच्या जागी राहते. ही युक्ती मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात बळजबरी अजिबात नाही.

आपल्या कोड्यात मजकूर मोठा आहे, तेव्हा ही युक्ती चालणार नाही. इथे तो खरा सुरुंग लागतो. संगणकात प्रत्येक मजकूर आणि प्रत्येक चित्र म्हणजे शेवटी ० ते २५५ या आकड्यांची रांग असते. अशा एका आकड्याला बाईट म्हणतात. या लेखापुरते त्याला आपण अक्षर म्हणू. झिपचे कुलूप पासवर्डावरून आकड्यांची एक दुसरी, वरवर अस्ताव्यस्त दिसणारी रांग तयार करते आणि मूळ रांगेतल्या प्रत्येक अक्षरात तिचे एकेक अक्षर मिसळते. मिसळण्याची रीत बेरजेसारखी समजायला हरकत नाही. खरे अक्षर अधिक किल्लीचे अक्षर म्हणजे झाकलेले अक्षर. झाकलेले अक्षर तर आपल्यासमोर आहेच. त्यात खरे अक्षर ठाऊक असले, तर वजाबाकी करून किल्लीचे अक्षर मिळते. शाळेतल्या पोरालाही हे जमेल.

पण खरे अक्षर ठाऊक कसे असणार? मजकूर तर कुलपात आहे. उत्तर असे, की पुष्कळ गोष्टी आपल्याला न पाहताच ठाऊक असतात. पीएनजी प्रकारातले कोणतेही चित्र घ्या, मग ते वसईच्या किल्ल्याचे असो की कोणाच्या बारशाचे. त्याची सुरुवात १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० या आठ अक्षरांनीच होते. त्यापुढे ०, ०, ०, १३ आणि मग ७३, ७२, ६८, ८२. एकूण सोळा अक्षरे प्रत्येक चित्रात तीच. पीएनजी चित्रे मुळातच दाबलेली असल्यामुळे कोडे रचणारा ती गाठोड्यात पुन्हा न दाबता तशीच ठेवतो. म्हणजे नकाशा कुलपात असला तरी त्याची पहिली सोळा अक्षरे स्पर्धकाला तोंडपाठ असतात.

सोळा अक्षरांची किल्ली मिळाली म्हणून पुढचा सगळा मजकूर कसा मिळेल, ही शंका रास्त आहे. इथे श्लाफ्लीच्या पद्धतीतले वैगुण्य उपयोगी पडते. किल्लीची रांग तयार करणाऱ्या यंत्रणेच्या पोटात तीन मोठे आकडे असतात. पासवर्ड वीस अक्षरांचा असो की दोनशे, त्याचे काम हे तीन आकडे ठरवण्यापुरते. एली बिहॅम आणि पॉल कोचर या दोघांनी १९९४मध्ये दाखवून दिले की किल्लीच्या रांगेचा लहानसा तुकडा हाती आला तर मागे मागे जात हे तीन आकडे काढता येतात. काहीशे अक्षरे ठाऊक असतील तर त्या काळच्या घरगुती संगणकावर काही तासांत. मौल्यवान माहिती राखायला ही पद्धत वापरू नये, असेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट लिहिले. आज त्याच विचारावर उभा असलेला 'बीकेक्रॅक' हा प्रोग्राम कोणालाही फुकट मिळतो. त्याला बारा अक्षरे पुरतात, त्यांतली किमान आठ सलग हवीत. आपल्याकडे सोळा आहेत.

तीन आकडे मिळाले की पासवर्डाची गरजच उरत नाही. एकाच पासवर्डाने बांधलेल्या सगळ्या फाइलींना ते सारखेच लागू पडतात. नकाशाच्या सुरुवातीवरून काढलेल्या आकड्यांनी 'निशाण' उघडते. वीस अक्षरांचा तो पासवर्ड काय होता, हे स्पर्धकाला शेवटपर्यंत कळत नाही आणि त्याला त्याचे सोयरसुतकही नसते.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या भाषेतला सर्वांत मोठा कुलूपबंद साठा महानुभाव पंथाच्या पोथ्यांचा होता. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या अनुयायांनी संस्कृत बाजूला ठेवून मराठी धरली. केशोबासांनी संस्कृतात लिहायला घेतले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण त्याने म्हाताऱ्याकोताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. ही हकिकत 'स्मृतिस्थळा'त आहे. आणि याच पंथाने पुढे, चौदाव्या शतकात, आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य अशी त्यांची नावे. सर्वांत प्रचलित सकळ लिपी. तिचे कर्तृत्व परंपरा 'सह्याद्रिवर्णन'कार रवळोबासांकडे देते. परचक्राचे भय होते, की अनधिकारी वाचकाच्या हाती ग्रंथ पडू नयेत ही इच्छा, की पाठभेद रोखण्याची धडपड, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. परिणाम मात्र एकच झाला. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी मराठीत आलेले वाङ्मय पाचएकशे वर्षे पंथाबाहेरच्या मराठी माणसाला बंद राहिले. 'लीळाचरित्र' होते, आणि मराठी गद्याचा इतिहास त्याच्यावाचून सांगितला जात होता.

हे कुलूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत निघाले. सकळ लिपीच्या उलगड्याचे श्रेय वि. का. राजवाडे यांना दिले जाते. ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करणारे वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वत'च्या १९१९च्या आवृत्तीत या वाङ्मयाला त्याची जागा दिली. (वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच, पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला.) य. खु. देशपांडे यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५चा. राजवाडे आणि भावे दोघेही १९२६मध्ये गेले; ह. ना. नेने यांनी 'लीळाचरित्र' छापून लोकांपुढे आणले ते त्यानंतर, १९३०च्या दशकात.

सकळ लिपी मुळात अदलाबदलीची आहे. एका अक्षराच्या जागी ठरवलेले दुसरे अक्षर किंवा खूण. जाणत्याला ती वाचताना अडचण नाही, कारण कोष्टक तोंडपाठ असते. कोष्टक नसलेल्याने अशी पोथी फोडायची म्हटले तर वाट वरच्या नकाशाचीच. महानुभाव पोथीच्या आरंभी परमेश्वराला केलेले नमन असणार, आणि ते 'श्रीपरेशाय नमः' असे असते हे ठाऊक असले की आठ-दहा खुणांचे अर्थ लागतात. आत चक्रधर, नागदेव, म्हाइंभट ही नावे पुन्हा पुन्हा येणार. शिवाय पोथी ओवीबद्ध असेल तर ओवीच घात करते. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक, म्हणजे झाकलेल्या मजकुरातही ठरावीक अंतराने तीच ती खूण. कवीने कानासाठी केलेली सोय डोळ्याला वाट दाखवते. गद्य फोडणे त्या मानाने जड. साहित्याच्या इतिहासात यमकाची निंदा पुष्कळांनी केली आहे. संकेतलिपीच्या बाजूने मात्र ती कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

दोन कुलपांतला फरकही सांगितला पाहिजे. सकळ लिपीत एका अक्षराची खूण पोथीभर तीच राहते. झिपमध्ये दर अक्षराला किल्ली बदलते, आणि मागे काय काय येऊन गेले यावर ती अवलंबून असते. म्हणून पहिली फोडायला चिकाटीचा वाचक पुरतो, दुसरीला गणिती आणि यंत्र लागते. पण दोघांना धोका सारखाच: आतला मजकूर अपेक्षेप्रमाणे असणे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे संदेश फोडणाऱ्या इंग्रजांनाही रोज ठरल्या वेळी, ठरल्या शब्दांत येणारे हवामानाचे अहवाल असेच उपयोगी पडले.

हे सगळे खेळापुरते असते तर दिवाळी अंकाची इतकी पाने त्यावर घालवायचे कारण नव्हते. मायकेल स्टे याने २००१मध्ये झिपच्या कुलपावर एक निबंध लिहिला होता. जवळजवळ अठरा वर्षांनी एका अनोळखी माणसाने त्याला गाठले. त्याच्या झिप फाइलीत सुमारे तीन लाख डॉलर किमतीच्या बिटकॉइनच्या किल्ल्या अडकल्या होत्या आणि पासवर्ड तो विसरला होता. या वेळी आतला मजकूर ठाऊक नव्हता. पण कुलूप लावताना प्रोग्रामने जे आकडे 'सहज उचलले' म्हणून वापरले होते, ते प्रत्यक्षात घड्याळातल्या वेळेवरून काढलेले होते, आणि वेळ गाठोड्यावर लिहिलेली होती. काही महिन्यांच्या खटपटीनंतर, २०२०मध्ये, फाइल उघडली.

हा दूरदेशीचा किस्सा झाला. आपल्याकडचा साठा दारातच आहे. आधार कार्डाची जी फाइल आपण उतरवून घेतो, तिला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. एकूण आठ अक्षरे. वरच्या हिशेबाने २५२ दिवसांचे कुलूप. पण ज्याला नाव ठाऊक आहे त्याच्यापुढे फक्त जन्मवर्ष उरते. शंभर वर्षे धरली तरी शंभर प्रयत्न, आणि माणूस समोर उभा असेल तर चेहरा पाहून दहा. बँकांची, विम्याची, म्युच्युअल फंडांची कागदपत्रेही बहुधा अशाच साच्यातले पासवर्ड घेऊन येतात: जन्मतारीख, पॅन क्रमांक, नावाचे चार वर्ण. साचा पत्रातच लिहिलेला असतो, कारण तो ग्राहकाला कळला पाहिजे.

विरार किंवा नालासोपारा स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहावे. फाइल दुकानाच्या व्हॉट्सॲपवर जाते, दुकानदार पासवर्ड विचारतो, गिऱ्हाईक रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा तो सांगते. दुकानदार बिचारा प्रामाणिकच असतो. फाइल मात्र त्याच्या यंत्रावर राहते आणि तिचा पासवर्ड गिऱ्हाइकाच्या नावावरूनच निम्मा कळतो. या साच्याला कुलूप म्हणणे मला जड जाते. चुकून दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलेली फाइल त्याने सहज उघडू नये, एवढेच त्याचे काम. ते तो करतो. त्याहून अधिक तो करतो असे समजून लोक त्या फाइली निर्धास्तपणे इकडून तिकडे पाठवतात, तिथे गडबड आहे.

या खेळातली कौशल्ये मुलांनी शिकावीत का, असे पालक विचारतात. शिकावीत, पण कुंपण ठाऊक असावे. स्पर्धेतले गाठोडे फोडण्यासाठीच दिलेले असते. दुसऱ्याच्या संगणकात वा माहितीत परवानगीवाचून शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ आणि ६६ खाली येते. अप्रामाणिक हेतू असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्याची आधारची फाइल गंमत म्हणून उघडून दाखवणाऱ्या मुलाला हे आधी सांगावे, नंतर शाबासकी द्यावी.

ज्यांना खरोखर काही कुलपात ठेवायचे आहे, त्यांच्यासाठी उपाय साधा आहे आणि फुकटही. झिपमध्ये बऱ्याच वर्षांपासून 'एईएस' ही दुसरी पद्धत मिळते. तिच्यापुढे ठाऊक असलेली बारा काय, बारा हजार अक्षरेही उपयोगाची नाहीत. 'सेव्हन-झिप'सारख्या प्रोग्राममध्ये झिप प्रकार निवडला की पद्धतीच्या रकान्यात बहुधा जुनी झिपक्रिप्टोच आधीपासून भरलेली असते. ती बदलून 'एईएस-२५६' करावी लागते. त्याच प्रोग्रामचा स्वतःचा 'सेव्हन-झेड' प्रकार घेतला तर एईएसच लागते, आणि फाइलींची नावेही झाकता येतात. त्यासाठी मात्र खालच्या चौकटीत वेगळी खूण करावी लागते, ती आपोआप होत नाही.